बाहेरच्या मैदानावरचा गोल: दोन सामन्यांच्या लढतीतील डावपेचांचे गणित

एप्रिल २०२५ मध्ये आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेचा मामेलोडी सनडाउन्स आणि इजिप्तचा अल अहली हे संघ एकमेकांशी दोनदा खेळले. प्रिटोरियातला पहिला सामना ०-० असा सुटला आणि कैरोतला दुसरा १-१ असा. दोन्ही सामन्यांत कोणी जिंकले नाही, एकूण गोलही सारखेच झाले, तरी जादा वेळ न खेळता आणि पेनल्टी न मारता सनडाउन्स अंतिम फेरीत पोहोचला. त्याआधी सुमारे वर्षभर युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी यांच्यात माद्रिदला ३-३ आणि मँचेस्टरला १-१ अशी बरोबरी झाली होती. तिथे मात्र जादा वेळ खेळवला गेला, त्यातही निकाल लागला नाही म्हणून पेनल्टी शूटआउट झाले, ते माद्रिदने जिंकले आणि पुढे करंडकही उचलला. आफ्रिकेतला नियम युरोपात लागू असता तर माद्रिद त्या रात्री स्पर्धेबाहेर गेला असता.

दोन खंडांत दोन वेगळे नियम असल्यामुळे रात्री जागून सामने पाहणाऱ्या अनेकांचा गोंधळ उडतो. हा गोंधळ दूर करणे हा या लेखाचा एक हेतू आहे, पण मुख्य हेतू त्याहून थोडा पुढचा आहे. बाहेरच्या मैदानावरील गोलाचा नियम वरवर पाहता शेवटी बरोबरी झाली तर निकाल लावण्यासाठी असतो. प्रत्यक्षात तो पहिल्या मिनिटापासून प्रशिक्षकांच्या डोक्यात असतो आणि पूर्ण १८० मिनिटांचा खेळ घडवतो. ज्या हेतूने हा नियम आला, त्याच्या जवळजवळ उलटा परिणाम त्याने कसा केला, हे समजून घेण्यासारखे आहे.

नियम नेमका काय सांगतो

बाद फेरीत दोन संघ एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळतात. पहिला सामना एकाच्या घरी आणि परतीचा सामना दुसऱ्याच्या घरी होतो. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरतो. ही बेरीज सारखी आली, तर ज्या संघाने पाहुणा म्हणून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, जास्त गोल केले असतील तो पुढे जातो. अशा गोलाला फुटबॉलच्या बोलीत ‘अवे गोल’ म्हणतात. तेही सारखे असतील, तरच जादा वेळ, म्हणजे आणखी ३० मिनिटे, आणि गरज पडल्यास पेनल्टी.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. अवे गोल ‘दुप्पट धरला जातो’ असे समालोचकही सहज म्हणून जातात, आणि त्यामुळे नवा प्रेक्षक प्रत्येक अवे गोलाचे दोन गोल मोजू लागतो. ते चूक आहे. समजा, ‘अ’ संघाने आपल्या घरी ३-१ असा विजय मिळवला आणि ‘ब’ संघाने आपल्या घरी १-० असा. बेरीज ‘अ’ ३, ‘ब’ २ होते आणि ‘अ’ पुढे जातो. ‘ब’चा पहिल्या सामन्यातला गोल खरोखर दुप्पट धरला असता तर दोघांचे ३-३ झाले असते. अवे गोलाचे महत्त्व बेरीज सारखी असतानाच जागे होते.

नाणेफेकीपासून सुटका

१९६० च्या दशकात बेरीज सारखी आली की तिसरा सामना त्रयस्थ मैदानावर खेळवत असत, आणि तोही बरोबरीत सुटला तर नाणेफेक. १९६५ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन्ही सामने ०-० झाले, रॉटरडॅममधला तिसरा सामना २-२ झाला, आणि मग पंचांनी नाण्यासारखी चकती उडवली. पहिल्या वेळी ती चिखलात उभीच रुतली, म्हणून पुन्हा उडवावी लागली. कौल लिव्हरपूलच्या बाजूने गेला. तीन सामने, जवळजवळ पाच तास फुटबॉल, आणि निकाल चकतीवर! कोलोनच्या खेळाडूंवर हा अन्यायच होता, आणि यातून सुटण्याचा मार्ग शोधणे युरोपच्या फुटबॉल संघटनेला, म्हणजे युएफाला, भाग होते.

१९६५-६६ च्या मोसमात कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या चषक विजेत्यांच्या स्पर्धेत, युएफाने अवे गोलाचा नियम आणला. त्याचा पहिला फायदा बुडापेस्टच्या होनवेदला झाला: प्रागमध्ये त्यांनी डुक्लाला ३-२ असे हरवले, घरी ते १-२ असे हरले, बेरीज ४-४ झाली आणि प्रागमधल्या तीन गोलांवर होनवेद पुढे गेले.

नियमामागे आणखी एक विचार होता. त्या काळी परदेशी मैदानावर खेळणे खरोखर कठीण होते. प्रवास लांबचा आणि दगदगीचा, मैदानांचा आकार आणि दर्जा जागोजागी वेगळा, प्रेक्षकांचा दबाव मोठा. त्यामुळे पाहुणा संघ बहुधा सगळे खेळाडू मागे ओढून गोल वाचवण्यापुरताच खेळे. त्याला पुढे येण्याचे काही आमिष हवे, म्हणून त्याच्या गोलाला थोडे जास्त वजन दिले गेले. युएफाने नंतर दिलेल्या आकडेवारीनुसार १९७० च्या दशकाच्या मध्याला यजमान संघ ६१ टक्के सामने जिंकत आणि पाहुणे फक्त १९ टक्के. यजमानांचे सरासरी गोल २.०२ आणि पाहुण्यांचे ०.९५ होते. त्या परिस्थितीत नियम समजण्यासारखा होता.

१-० आणि २-१ हे सारखे विजय नाहीत

आता डावपेचांकडे वळू. साधारण सामन्यात १-० काय आणि २-१ काय, आघाडी एका गोलाचीच असते. अवे गोलाच्या नियमाखाली या दोन विजयांत फार मोठे अंतर पडते.

‘अ’ने घरी १-० असा विजय मिळवला आहे असे समजा. परतीच्या सामन्यात ‘ब’ १-० ने जिंकला तर बेरीज १-१ होते, अवे गोल कोणाचाच नाही, म्हणून जादा वेळ. पण त्या सामन्यात ‘अ’ने एक गोल केला, तर ‘ब’ला किती गोल हवेत? दोन करून भागत नाही, कारण २-१ झाल्यावर बेरीज २-२ होते आणि अवे गोल ‘अ’च्या खात्यात असतो. ‘ब’ला तीन गोल करावे लागतात.

आता ‘अ’ने घरी २-१ असा विजय मिळवला असे समजा. आघाडी तेवढीच आहे, पण ‘ब’ने बाहेर एक गोल आधीच करून ठेवला आहे. परतीच्या सामन्यात ‘ब’ने केवळ १-० असा विजय मिळवला तरी बेरीज २-२ होऊन तो पुढे जातो, जादा वेळही लागत नाही. म्हणून पहिल्या सामन्यात यजमानाने खाल्लेला तो एक गोल पुढच्या आठवड्यातले त्याचे सगळे हिशोब बदलून टाकतो.

हे गणित मैदानावर कसे दिसते याचे चांगले उदाहरण उत्तर अमेरिकेतले आहे, कारण तिथल्या कॉन्काकॅफ चॅम्पियन्स कपमध्ये हा नियम अजून आहे. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एलएएफसीने इंटर मायामीला घरी १-० असे हरवले आणि परतीच्या सामन्यात मायामीत नवव्या मिनिटालाच गोल केला. एकूण २-० झाले, आणि लिओनेल मेस्सीच्या संघापुढे दोन गोलांचे नव्हे तर तीन गोलांचे आव्हान उभे राहिले. मेस्सीने ३५ व्या मिनिटाला एक गोल केला, ६१ व्या मिनिटाला मायामीचा दुसरा झाला. बेरीज २-२ झाली होती, तरी मायामी स्पर्धेबाहेर जाण्याच्या वाटेवरच होता. ८४ व्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर तिसरा गोल केला तेव्हा पारडे फिरले. नियम नसता तर ६१ व्या मिनिटानंतर दोन्ही संघ जादा वेळेची वाट पाहत सावध खेळू शकले असते. नियमामुळे एलएएफसीला बचावात बसणे भाग पडले आणि मायामीला सगळे बळ पुढे लावणे.

या घटनेत प्रेक्षकाला थरार मिळाला, हे नाकारता येत नाही. पण असा थरार परतीच्या सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात मिळतो. त्याची किंमत पहिल्या सामन्यात मोजावी लागते, आणि ती कोणाच्या फारशी लक्षात येत नाही.

यजमान का बिचकू लागला

पहिला सामना घरी खेळणाऱ्या प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. १-० चांगला, २-० उत्तम, ०-० सुद्धा वाईट नाही, कारण परतीच्या सामन्यात गोल झालेली कोणतीही बरोबरी आपल्याला पुढे नेईल. मात्र १-१ झाले तर प्रतिस्पर्ध्याला पुढच्या सामन्यात ०-० पुरेसे होईल. याचा अर्थ असा की घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, गोल न खाणे हे गोल करण्यापेक्षा मोलाचे ठरते.

मग तो काय करतो? दोन्ही बाजूंच्या बचावपटूंना एकाच वेळी वर जाऊ देत नाही. मधल्या फळीत एकाऐवजी दोन खेळाडू राखणीला ठेवतो. कॉर्नर मिळाला तरी प्रतिहल्ल्याच्या भीतीने मागे जास्तीचे माणूस थांबवतो. ७० व्या मिनिटाला ०-० असताना आक्रमक खेळाडू उतरवण्याऐवजी आहे ते टिकवण्याकडे त्याचा कल जातो. यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे शहाणपणाचा आहे. सगळे मिळून मात्र बाद फेरीचे पहिले सामने आखडतात. आर्सेन वेंगर यांच्यासारखे अनुभवी प्रशिक्षक बरीच वर्षे हेच सांगत होते, की नियमाचे वजन आता फार झाले आहे आणि त्यामुळे घरी बचाव करण्यालाच बक्षीस मिळते.

आफ्रिकेतला अनुभव इथे फार बोलका आहे. २०२३ च्या उपांत्य फेरीत सनडाउन्सने कॅसाब्लांकात विदादला ०-० असे रोखले. बाहेरची बरोबरी म्हणून हा निकाल चांगला वाटतो, पण त्यात अवे गोल नव्हता. प्रिटोरियात सामना २-२ झाला आणि विदाद पुढे गेला. दोन वर्षांनी तेच समीकरण उलटे झाले: सनडाउन्सने घरी अल अहलीला गोल करू दिला नाही, सामना ०-० सुटला, आणि कैरोत २४ व्या मिनिटाला मागे पडूनही शेवटच्या मिनिटांत मिळालेल्या एका गोलावर ते अंतिम फेरीत गेले. घरी ०-० ची बरोबरी हा फसलेला सामना असतो असे मानणाऱ्याला या दोन लढती शेजारी ठेवल्या की नियमाची दिशा कळते.

‘पण पाहुणा तर पुढे येऊन खेळतो ना?’

हा आक्षेप रास्त आहे. नियमाचे समर्थक सांगतात की यजमान जितका आखडतो तितका पाहुणा मोकळा होतो, म्हणून हिशोब बरोबरीचा होतो. मला हे पटत नाही, त्याची दोन कारणे आहेत.

पहिले असे, की पाहुण्याला आमिष लागते ते गोल होईपर्यंत. एकदा अवे गोल मिळाला की तो राखण्याचे कारण दुप्पट होते, आणि बाकीचा वेळ तो मागेच बसतो. दुसरे कारण काळाचे आहे. आमिष ज्या अडचणींसाठी दिले होते त्या बऱ्याच अंशी राहिल्या नाहीत. युएफाच्याच आकडेवारीत अलीकडच्या काळात यजमानांच्या विजयांचे प्रमाण ६१ वरून ४७ टक्क्यांवर आणि पाहुण्यांचे १९ वरून ३० टक्क्यांवर गेले. यजमानांचे सरासरी गोल १.५८ आणि पाहुण्यांचे १.१५ झाले. मैदानांचा दर्जा सुधारला, आकार ठरावीक झाला, प्रवास आरामाचा झाला, सुरक्षाव्यवस्था वाढली, टीव्हीचे कॅमेरे आणि व्हिडिओ पंच आल्यामुळे पंचांवरचा प्रेक्षकांचा दबाव कमी झाला. पाहुण्याचा गोल पूर्वीइतका दुर्मिळ राहिला नसताना त्याला पूर्वीइतकेच वजन देत राहणे टिकणारे नव्हते.

‘बरोबरी फोडायला काहीतरी नियम लागतोच’

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला इथे २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवेल. लॉर्ड्‌सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांचा सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, आणि २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंड विजेता ठरला. न्यूझीलंडवर अन्याय झाला असे जगभर वाटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढून टाकला. गोल असो वा धाव, सारख्याच किमतीच्या दोन गोष्टींपैकी एकीला मागाहून जास्त वजन देणे, ही दोन्ही नियमांतली समान गोष्ट.

फरक मात्र महत्त्वाचा आहे. लॉर्ड्‌सवर कोणताही फलंदाज चौकारांची संख्या मोजत खेळत नव्हता, कारण तो नियम लागू होण्याची शक्यता अगदीच थोडी होती. त्याने निकाल बदलला, खेळ बदलला नाही. फुटबॉलमध्ये दोन सामन्यांनंतर बेरीज सारखी येणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे अवे गोल प्रत्येक प्रशिक्षकाच्या आखणीत पहिल्यापासून असतो. बरोबरी फोडणारा नियम लागतोच, हे खरे. पण तो बरोबरी होण्याआधीच खेळाला वाकवू लागला, तर तो आपले काम ओलांडतो.

परतीच्या सामन्यात पायरीच नाहीशी होते

या नियमाचा सर्वांत तीव्र परिणाम परतीच्या सामन्यात दिसतो. सर्वसाधारणपणे एका गोलाने जिंकणारा संघ गोल खाल्ल्यावर बरोबरीत येतो, आणि सावरायला त्याला वेळ मिळतो. अवे गोलाखाली मधली ही पायरी अनेकदा उरतच नाही. एक गोल झाला की जिंकणारा थेट हरणारा होतो.

२००९ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सीने बार्सिलोनात ०-० असा सामना सोडवला, आणि लंडनमध्ये नवव्या मिनिटाला मायकेल एसियनच्या गोलाने आघाडी घेतली. त्यानंतर जवळजवळ दीड तास चेल्सी अंतिम फेरीत होता, पण त्या संपूर्ण दीड तासात बार्सिलोनाचा एकच गोल त्यांना बाहेर काढायला पुरेसा होता. दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या बार्सिलोनासाठी आंद्रेस इनिएस्ताने तो गोल ९३ व्या मिनिटाला केला. बाहेर ०-० केल्याचा आनंद किती अपुरा असतो, हे चेल्सीला तेव्हा कळले.

२०१९ मध्ये आयाक्सच्या वाट्याला याहून कठीण प्रसंग आला. लंडनमध्ये टॉटनहॅमला १-० ने हरवून आलेला आयाक्स ॲम्स्टरडॅममध्ये मध्यंतराला २-० ने पुढे होता, म्हणजे एकूण तीन गोलांनी. टॉटनहॅमच्या लुकास मौराने उत्तरार्धात दोन गोल केले तरी आयाक्स एकूण ३-२ ने पुढेच होता. अशा वेळी एक गोल खाल्ल्यास काय होईल? जादा वेळ नव्हे, थेट पराभव. ९६ व्या मिनिटाला मौराने तिसरा गोल केला, बेरीज ३-३ झाली आणि टॉटनहॅम तीन विरुद्ध एक अशा अवे गोलांवर अंतिम फेरीत गेला.

याची दुसरी बाजू २०१७ मध्ये बार्सिलोना आणि पॅरिस सेंट-जर्मेन यांच्या लढतीत दिसली. पॅरिसमध्ये ०-४ ने हरलेला बार्सिलोना घरी ३-० ने पुढे गेला तेव्हा जादा वेळ गाठायला त्याला आणखी एकच गोल हवा होता. ६२ व्या मिनिटाला एडिन्सन कावानीने पॅरिससाठी गोल केला आणि त्या एका गोलाने बार्सिलोनाची गरज एकावरून तीनवर नेली. त्यांनी ८८ व्या मिनिटापासून ते तीनही गोल केले आणि सामना ६-१ ने जिंकला, म्हणून ती लढत अवे गोलाच्या खात्यात नोंदली जात नाही. पण शेवटच्या अर्ध्या तासात दोन्ही संघ ज्या प्रकारे खेळले त्याचे कारण हाच नियम होता. म्हणूनच नियमाचा परिणाम मोजताना केवळ त्याने निकाल लागलेल्या लढती मोजणे पुरत नाही.

जादा वेळेतला असमतोल

बेरीज आणि अवे गोल दोन्ही सारखे आले तर परतीच्या सामन्यात ३० मिनिटे वाढतात. युएफाच्या जुन्या नियमात त्या ३० मिनिटांतले अवे गोलही मोजले जात. याचा अर्थ, परतीच्या सामन्यातील पाहुण्याला अवे गोल करायला १२० मिनिटे मिळत आणि पहिल्या सामन्यातील पाहुण्याला केवळ ९०. मार्च २०२१ मध्ये पोर्तो आणि युव्हेंटस यांच्यात हे घडले. पोर्तोने घरी २-१ असा विजय मिळवला होता, तुरिनमध्ये ९० मिनिटांनंतर युव्हेंटस २-१ ने पुढे होता, सगळे समसमान. दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या पोर्तोसाठी सर्जिओ ओलिव्हेराने ११५ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला. दोनच मिनिटांत युव्हेंटसने तिसरा गोल करून बेरीज ४-४ केली, तरी दोन विरुद्ध एक अवे गोलांवर पोर्तो पुढे गेला. पोर्तोची जिद्द कौतुकास पात्रच होती. पण जी अर्ध्या तासाची संधी युव्हेंटसला पोर्तोच्या मैदानावर कधी मिळालीच नाही, तिच्यातला गोल निर्णायक ठरला.

हा भाग पंचांनाही चकवत असे. १९७१ मध्ये रेंजर्स आणि स्पोर्टिंग लिस्बन यांच्यात जादा वेळेनंतर बेरीज ६-६ झाली, आणि पंचांनी पेनल्टी घ्यायला लावल्या. त्या स्पोर्टिंगने जिंकल्या. पण जादा वेळेतल्या गोलासह रेंजर्सचे अवे गोल तीन होते आणि स्पोर्टिंगचे दोन, त्यामुळे पेनल्टीची गरजच नव्हती. निकाल रेंजर्सच्या बाजूने दुरुस्त झाला आणि त्यांनी त्या मोसमात कप विनर्स कप जिंकला.

उत्तर अमेरिकेने या दोषावर सोपा उपाय केला आहे: तिथे अवे गोल ९० मिनिटांपुरतेच मोजतात. नियम ठेवायचाच असेल तर तो असा ठेवावा, असे मला वाटते.

मैदान एकच असेल तर ‘बाहेरचे’ कोणते?

२००३ मध्ये मिलान शहराचे दोन्ही संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत भिडले. एसी मिलान आणि इंटर, दोघांचेही घर सान सिरो हेच. पहिला सामना, मिलान कागदोपत्री यजमान, ०-० सुटला. दुसरा, इंटर यजमान, १-१. त्याच मैदानावर, त्याच गोलजाळ्यात केलेला मिलानचा गोल अवे ठरला आणि मिलान अंतिम फेरीत गेला. २०२१ मध्ये महासाथीच्या काळात लिव्हरपूल आणि लाइपझिग यांचे दोन्ही सामने बुडापेस्टमध्ये झाले आणि तरीही युएफाने अवे गोलाचा नियम चालू ठेवला होता.

त्याच सुमाराला आपल्याकडे इंडियन सुपर लीगने वेगळा मार्ग घेतला. २०२०-२१ चा मोसम संपूर्णपणे गोव्यात, बंद दाराआड झाला. उपांत्य फेरीत एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांच्यात पहिला सामना फातोर्ड्याला २-२ झाला आणि दुसरा बांबोळीला ०-०. अवे गोल मोजले असते तर मुंबई तिथेच पुढे गेली असती. ते मोजले नाहीत. सामना जादा वेळेत आणि मग पेनल्टीत गेला, मुंबईने तो ६-५ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवले. जिथे दोन्ही सामने गोव्यातच आणि प्रेक्षकांविना झाले, तिथे गोलांत घर आणि बाहेर असा भेद न करणे हेच योग्य होते.

नियम गेल्यावर

२४ जून २०२१ रोजी युएफाने आपल्या सगळ्या क्लब स्पर्धांतून हा नियम काढला. अध्यक्ष अलेक्सांदर चेफेरिन यांनी कारण दिले ते असे, की नियम यजमानाला, विशेषतः पहिल्या सामन्यात, आक्रमण करण्यापासून परावृत्त करतो. दक्षिण अमेरिकेतही २०२२ पासून तो नाही.

आज युरोपमध्ये घरी १-१ झाले तर तो धक्का असतो, आपत्ती नव्हे. मे २०२५ च्या आसपास झालेल्या उपांत्य लढतीत इंटरने बार्सिलोनात येऊन २१ व्या मिनिटापर्यंत दोन गोल केले. जुन्या नियमात यजमानाच्या पोटात गोळा आला असता. बार्सिलोनाने दोन्ही फेडले, तिसरा खाल्ला, तोही लगेच फिटला, आणि ३-३ नंतर दोघे कोऱ्या पाटीने मिलानला गेले. तिथे ९० मिनिटांत पुन्हा ३-३ आणि जादा वेळेत इंटर ४-३. अवे गोल मोजले असते तरी दोघांचे तीन-तीनच झाले असते, पण पहिल्या सामन्यात दोन गोल खाल्लेला यजमान तेव्हा इतका मोकळा खेळला असता का, याची मला दाट शंका आहे.

‘छोट्या संघांचे हत्यार काढून घेतले’

नियम गेल्याची खंत करणारे हा मुद्दा मांडतात. बलाढ्य संघाच्या घरी जाऊन एक गोल चोरायचा आणि मग आपला गड राखायचा, ही वाट छोट्या संघाला सोयीची होती. तिच्यात तथ्य आहे, पण ती वाट मोठ्या संघांनाही तितकीच उघडी होती आणि त्यांच्याकडे गोल चोरणारे खेळाडू जास्त असतात. २०१३ मध्ये आर्सेनलला लंडनमध्ये ३-१ ने हरवून आलेला बायर्न म्युनिक घरी ०-२ ने हरला, तरी अवे गोलांवर पुढे गेला आणि त्या मोसमाचा विजेता ठरला.

जादा वेळ आणि पेनल्टी वाढतील, थकलेल्या खेळाडूंवर भार पडेल, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मार्च २०२४ मध्ये इंटरने ॲटलेटिको माद्रिदला घरी १-० ने हरवले होते, माद्रिदमध्ये ९० मिनिटांनंतर ॲटलेटिको २-१ ने पुढे होता. जुन्या नियमात फेडेरिको दिमार्कोच्या गोलावर इंटर तिथेच पुढे गेला असता. तसे झाले नाही. आणखी अर्धा तास, मग पेनल्टी, आणि त्यात ॲटलेटिकोचा विजय. शिवाय ती जादा ३० मिनिटे परतीच्या सामन्याच्या यजमानाच्या घरी होतात, हा लाभ नियम गेल्यावर आणखी स्पष्ट झाला आहे. त्यावर युव्हेंटसच्या चाहत्याचे उत्तर असे असेल, की पूर्वी त्याच ३० मिनिटांचा फटका यजमानाला बसत होता. दोन्हींत डावे-उजवे ठरवायचे झाले तर मी आजच्या व्यवस्थेच्या बाजूने आहे, कारण घरच्या मैदानाचा लाभ संघाला खेळून मिळवावा लागतो, अवे गोलाचे वजन मात्र नियमपुस्तकाने दिलेले होते.

म्हणून यापुढे दोन सामन्यांची लढत पाहायला बसण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात: त्या स्पर्धेत अवे गोल मोजतात का, आणि मोजत असतील तर जादा वेळेतलेही मोजतात का. युरोपात पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आणि उत्तर अमेरिकेच्या चॅम्पियन्स कपमध्ये ते होय आहे. तिथे पहिल्या सामन्यात यजमान ७५ व्या मिनिटाला ०-० वर चेंडू मागे खेळवताना दिसला, तर तो कंटाळवाणा खेळत नसून परतीच्या सामन्याची तयारी करत असतो.